पावतीवर शून्य किलो, लॉग मात्र साफ: सी, रस्ट, पायथन आणि जावास्क्रिप्टच्या सांध्यांत हरवणारी एरर

लक्षण

जिनिंगच्या आवारात काट्यावर गाडी उभी आहे, इंडिकेटरच्या लाल आकड्यांत वजन नीट दिसतंय, आणि पावतीवर शून्य छापून येतं. किंवा त्याहून वाईट, आधीच्या गाडीचं वजन छापून येतं. लॉग उघडावा तर एरर एकही नाही. पीसी बंद करून चालू केला की सगळं सुरळीत. मग पुन्हा कधीतरी फोन येतो, "भाऊ, पावतीवर शून्य उनं."

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ही तक्रार दसऱ्यानंतर वाढते. कापसाच्या गाड्यांची रांग दिवसभर हलत नाही, मध्येच लाईट जाते, इन्व्हर्टरवर जाताना काट्याची तार पीसीला जोडणारा यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर क्षणभर सुटतो, आणि रुईची धूळ प्रत्येक सॉकेटात जाऊन बसलेली असतेच. रावेर-सावद्याकडे केळीच्या काट्यांवर हेच सॉफ्टवेअर बारा महिने चालतं, तिथे तक्रार एकदम येत नाही, अधूनमधून येत राहते.

शून्याकडे दुर्लक्ष करू नये. भरलेली गाडी ७,४२० किलो, रिकामी २,९८०, तर निव्वळ कापूस ४४.४० क्विंटल. रिकाम्या गाडीच्या वेळी शून्य आलं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, तर पावतीवर ७४.२० क्विंटल होतात. म्हणजे गाडीचं लोखंडही कापसाच्या भावात विकलं गेलं. उलट बाजूला आधीच्या गाडीचं वजन लागलं तर मार शेतकऱ्याला बसतो, आणि तो आकडा दिसायला इतका खरा असतो की कोणी हटकतही नाही.

बहुतेक ठिकाणी केबल बदलून विषय संपवतात. केबल खराब असेलही. पण केबल सुटली होती तर पडद्यावर 'काट्याशी संपर्क तुटला' असं यायला हवं होतं. ते का आलं नाही, ते शोधायचं आहे.

रीस्टार्ट करण्याआधी

रीस्टार्टने पुरावा जातो. त्याआधी तीन गोष्टी टिपून घ्या.

पहिली, सर्व्हिस मुकाट्याने मरून परत उठतेय का. लिनक्सवर सिस्टमसीटीएलच्या शो कमांडने त्या सर्व्हिसची 'एनरिस्टार्ट्स' ही किंमत बघा. ती शून्य नसेल तर निम्मा तपास तिथेच झाला. 'रीस्टार्ट ऑलवेज' लावलेली सर्व्हिस डीफॉल्टने १०० मिलिसेकंदांत परत उठते, ब्राउझरच्या पडद्यावर जुनं वजन तसंच राहतं आणि काही घडल्याचा कोणाला पत्ता लागत नाही.

दुसरी, डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, यूएसबी डिसकनेक्टची ओळ आहे का. असेल तर कन्व्हर्टरचं नाव बदललंय का तेही बघा. आपल्या प्रोग्रामने टीटीवाययूएसबी० (लिनक्सने कन्व्हर्टरला दिलेलं नाव) अजून उघडं धरलेलं असेल तर तो नंबर मोकळा होत नाही, आणि परत जोडलेला कन्व्हर्टर टीटीवाययूएसबी१ म्हणून वर येतो. प्रोग्राम मात्र मेलेल्या शून्याकडे वाचत बसतो. कॉन्फिगरेशनमध्ये नंबर न लिहिता देव-सिरीयल खालच्या 'बाय-आयडी'चा पत्ता लिहा. स्वस्त कन्व्हर्टरांत सिरीयल नंबर नसतो, त्यामुळे सारखे दोन लावले तर आयडीही सारखाच निघतो. तिथे 'बाय-पाथ' वापरा आणि कोणता कन्व्हर्टर कोणत्या पोर्टात ते पीसीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

तिसरी, त्या क्षणी तारेवरून आलेले कच्चे बाइट. हे लॉगमध्ये आधीपासून हेक्सात पडत नसतील तर आत्ता मिळणार नाहीत, पण पुढच्या वेळेसाठी आजच सोय करा. शेवटच्या २० फ्रेम (इंडिकेटर एका वजनासाठी पाठवतो तो बाइटांचा गट) मेमरीत फिरत्या ठेवल्या तरी पुरे.

एरर सांध्यात का मरते

रचना साधारण अशी असते: तळाला सिरीयल पोर्ट वाचणारी सी लायब्ररी, तिच्यावर वजन स्थिर झालं का ते ठरवणारा रस्टचा गाभा, त्याच्यावर नोंद ठेवणारी पायथनची सर्व्हिस, आणि पावतीचा पडदा ब्राउझरात. चारही थरांचे आपापले टेस्ट हिरवे असतात. तरीही शून्य छापलं जातं.

कारण चौघांच्या एरर सांगण्याच्या तऱ्हा वेगळ्या. सी एक आकडा परत करते आणि कारण 'एररनो'त ठेवते. रस्ट 'रिझल्ट' देतं, नाहीतर पॅनिक होतं, म्हणजे काम तिथेच सोडून देतं. पायथन एक्सेप्शन फेकतं. जावास्क्रिप्ट कधी एक्सेप्शन फेकतं, कधी प्रॉमिस नाकारतं, आणि बऱ्याचदा नुसतं 'नॅन' (म्हणजे 'आकडा नाही') हातात ठेवून पुढे चालतं. या चार तऱ्हांमधलं भाषांतर कोणताही कंपायलर आपण होऊन करून देत नाही. ते हाताने लिहावं लागतं, आणि जिथे लिहायचं राहिलं तिथे एररच्या जागी जवळजवळ नेहमी शून्य येतं. ते शून्य पुढच्या भाषेत एकतर 'यशस्वी' म्हणून वाचलं जातं, नाहीतर शून्य किलो म्हणून.

म्हणून टेस्ट सांध्यावर, म्हणजे दोन भाषा जिथे जुळतात तिथे, हवी. तळाला मुद्दाम मोडतोड करायची आणि अगदी वर, पावतीच्या पडद्यावर, काय उमटतं ते तपासायचं. मधल्या थरांना काही सांगायचं नाही.

पहिला सांधा: तार ते सी

सर्वांत जास्त चुका इथेच सापडतात, म्हणून इथे जरा थांबू.

बऱ्याच इंडिकेटरांची फ्रेम अशी: सुरुवातीचा बाइट शून्य-दोन, मग चिन्ह, मग सहा-सात आकडे, शेवटी शून्य-तीन. मांडणी कंपनीगणिक बदलते, मॅन्युअल बघूनच घ्या. आता वजन क्षमतेच्या वर गेलं किंवा लोडसेलची वायर सुटली, की आकड्यांच्या जागी रेघा किंवा अक्षरं येतात. कोडमध्ये 'एटूआय' वापरलं असेल तर अक्षरांवर ते निमूट शून्य देतं. एरर कळवायची सोयच त्या फंक्शनात नाही. 'एसटीआरटूएल' वापरा: आधी एररनो शून्य करा, कॉलनंतर शेवटचा पॉइंटर सुरुवातीच्याच जागी आहे का बघा, असेल तर एकही आकडा सापडला नाही. पॉइंटर मध्येच अडकला असेल तर फ्रेम तुटकी आहे. दोन्हीला वेगळे एरर कोड द्या, कारण पहिल्यात काटा बघायचा असतो आणि दुसऱ्यात केबल.

दुसरी चूक 'रीड'ची. पोर्टला व्हीमिन ० आणि व्हीटाइम १० दिलं असेल तर रीड एक सेकंद थांबतं, कारण व्हीटाइम सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात. तेवढ्यात काहीच आलं नाही तर ते ० परत करतं. उणे एक नाही, शून्य. एररनोला हातही लागत नाही. आणि कोडमध्ये तपासणी असते 'शून्यापेक्षा कमी असेल तर एरर'. शून्य त्या चाळणीतून आरामात खाली पडतं, पुढचा कोड बफर वाचतो, आणि बफरमध्ये असतं मागच्या गाडीचं वजन. आधीच्या गाडीचा आकडा पावतीवर येण्यामागे बहुतेकदा हेच निघतं. तोडगा दोन ओळींचा: प्रत्येक वाचनाआधी बफर पुसा, आणि शून्य बाइट म्हणजे 'वेळ संपली' असा स्वतंत्र कोड द्या. कन्व्हर्टर उपटला गेला तर ड्रायव्हरप्रमाणे रीड ० देतं किंवा उणे एक देऊन एररनोमध्ये ईआयओ (वाचन-लेखनाची एरर), म्हणजे ५, ठेवतं. दोन्ही वाटा तपासाव्या लागतात.

तिसरी चूक जरा चोरटी आहे. रीड फसलं, एररनो ५ झालं, मग कोडने 'वाचन फसलं' अशी ओळ लॉग फाइलमध्ये लिहिली, मग पोर्ट बंद केलं, आणि मग वरच्या थराने एररनो विचारलं. तोवर मधल्या कॉलपैकी कोणीतरी त्यात आपली किंमत टाकलेली असू शकते. फसलेल्या कॉलच्या लगेच पुढच्या ओळीत एररनो स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्या. आणि एररनो शून्य नाही एवढ्यावरून एरर आली असं मानू नका. यशस्वी कॉल ते पुसत नाही, जुनी घाण तशीच राहते. आधी परत आलेली किंमत, मगच एररनो.

दुसरा सांधा: सी आणि रस्ट

सीकडून आलेला पूर्णांक सरळ रस्टच्या इनममध्ये (ठरावीक किमतींच्या यादीत) ट्रान्सम्यूट करू नका, म्हणजे न तपासता बसवू नका. यादीत नसलेला आकडा आला की तिथे अपरिभाषित वर्तन सुरू होतं. 'ट्राय-फ्रॉम' लिहा आणि अनोळखी आकड्याला 'अनोळखी एरर, कोड अमुक' असं घर द्या. अनोळखी म्हणजे यश नव्हे, हे टेस्टमध्ये सक्तीने बसवा.

उलट दिशेने, म्हणजे रस्टचं फंक्शन सीच्या एबीआयने (सीला बोलवता येईल अशा पद्धतीने) बाहेर दिलं असेल आणि आत पॅनिक झालं तर? पूर्वी हे अपरिभाषित वर्तन होतं. रस्ट १.८१ पासून, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासून, असं न पकडलेलं पॅनिक सीमेवर पोहोचलं की अख्खी प्रोसेस ॲबॉर्ट होते. शेलमध्ये एक्झिट कोड १३४ दिसतो, म्हणजे १२८ अधिक सिग्नल ६. पायथनच्या सबप्रोसेसमधून चालवलं असेल तर तोच उणे ६ दिसतो. १३९ किंवा उणे ११ दिसलं तर ते सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मेमरीची चूक, त्याची वाट वेगळी.

बाहेर दिलेल्या प्रत्येक फंक्शनभोवती 'कॅच-अनवाइंड' घाला आणि पॅनिकला ठरावीक कोड द्या. इथे एक खड्डा आहे, आणि अनुभवी माणसंही त्यात पडतात. कार्गोच्या, म्हणजे रस्टच्या बिल्ड-साधनाच्या, रिलीज प्रोफाइलमध्ये पॅनिक 'ॲबॉर्ट' ठेवलं असेल तर कॅच-अनवाइंड काहीच पकडत नाही. पण कार्गो टेस्ट ती सेटिंग धरत नाही. टेस्टमध्ये पॅनिक नेहमीसारखं उलगडतं आणि पकडलंही जातं. म्हणजे टेस्ट हिरवा, काट्यावर प्रोसेस मेलेली. त्यामुळे हा टेस्ट रस्टच्या आत ठेवून भागत नाही. रिलीज बिल्डची शेअर्ड लायब्ररी बांधा, पायथनमधून लोड करा, आणि मुद्दाम पॅनिक घडवणारं एक फंक्शन बोलवून बघा. ते फंक्शन फक्त टेस्टच्या फीचर-फ्लॅगखाली ठेवा, गिऱ्हाइकाच्या पीसीवर जाऊ देऊ नका.

तिसरा सांधा: पायथन

सीची फंक्शनं पायथनमधून बोलवायला सीटाइप्स वापरत असाल तर ते परत आलेला कोड आपण होऊन तपासत नाही. उणे पाच आलं तर उणे पाच हातात देतं, एक्सेप्शन नाही. प्रत्येक फंक्शनाला 'एररचेक' लावा, म्हणजे एकाच जागी कोडचं एक्सेप्शन होतं. 'रेसटाइप'ही स्पष्ट लिहा; न लिहिल्यास ते सी-इंट धरलं जातं आणि ६४ बिटांचा पॉइंटर अर्धा कापला जातो. लायब्ररी लोड करताना 'यूज-एररनो' चालू ठेवलं नाही तर 'गेट-एररनो'तून मिळणारा आकडा त्या कॉलचा नसतो.

कॉलबॅक हा आणखी एक भोवरा. नवीन वजन आलं की सी लायब्ररी पायथनचं फंक्शन बोलवते अशी रचना असेल, आणि त्या फंक्शनात एक्सेप्शन आलं, तर ते सीमधून उलटं वर चढत नाही. सीटाइप्स ते स्टँडर्ड एररवर छापून मोकळं होतं. सीएफएफआयमध्ये (त्याच कामाची दुसरी लायब्ररी) सीकडे डीफॉल्टने शून्य जातं, आणि सीला शून्य म्हणजे 'ठीक आहे'. सीएफएफआयच्या कॉलबॅकला 'एरर' हा पर्याय देऊन ती किंमत उणे एक करता येते. सीटाइप्समध्ये कॉलबॅकचं अख्खं शरीर ट्रायमध्ये घालून एक्सेप्शन रांगेत टाका आणि मुख्य थ्रेडने ते उचलावं. सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या प्रोग्रामचं स्टँडर्ड एरर कुठे जातं तेही बघून ठेवा. बऱ्याच ठिकाणी ते कुठेच जात नाही.

थ्रेडचंही तसंच. वाचणाऱ्या थ्रेडमध्ये एक्सेप्शन आलं की तो थ्रेड संपतो, मुख्य प्रोग्राम चालूच राहतो आणि शेवटचं वजन वाटत राहतो. पायथन ३.८ पासून 'थ्रेडिंग एक्सेप्टहुक' आहे, तिथे नोंद करून प्रोसेस सरळ पाडा. आमच्या मते काट्याच्या सॉफ्टवेअरात मेलेला थ्रेड घेऊन चालण्यापेक्षा पडलेली प्रोसेस बरी. पडली तर निदान एनरिस्टार्ट्समध्ये तरी कळतं. थ्रेडपूलमध्ये फ्यूचरचा 'रिझल्ट' मागितल्याशिवाय एक्सेप्शन वर येत नाही, हेही लक्षात असू द्या.

पायओ३ वापरून रस्ट सरळ पायथनला जोडलं असेल तर रिझल्टमधली एरर नीट एक्सेप्शन होते. पण रस्टचं पॅनिक 'पॅनिक-एक्सेप्शन' म्हणून येतं आणि त्याचा पूर्वज 'बेस-एक्सेप्शन' आहे. 'एक्सेप्ट एक्सेप्शन' लिहिलेल्या सापळ्यात ते सापडत नाही. पॅनिक सहज गिळलं जाऊ नये म्हणून ते मुद्दामच तसं ठेवलंय, आणि ते योग्यच आहे. फक्त तुमचा टेस्ट ते धरून लिहा.

आणि पायथनचं सी-एपीआय हाताने लिहिलं असेल तर 'रिटर्न्ड नल विदाउट सेटिंग ॲन एक्सेप्शन' अशी सिस्टम-एरर दिसली की समजावं, सीने नल दिला पण कारण लावायचं विसरलं. हा दोष शोधायला सोपा, कारण पायथन स्वतःच बोंब मारतं.

चौथा सांधा: जेसन आणि ब्राउझर

सर्व्हिस आणि ब्राउझरमध्ये माहिती जेसन या मजकुराच्या स्वरूपात जाते. पायथनच्या जेसन-डम्प्सला 'नॅन' दिलं तर ते तसंच 'नॅन' लिहितं. जेसनच्या नियमात ते बसत नाही आणि ब्राउझरचं पार्स तिथे कोसळतं. 'अलाउ-नॅन' बंद ठेवा, म्हणजे चूक जिथे झाली तिथेच, पायथनमध्ये, व्हॅल्यू-एरर म्हणून वर येते. जावास्क्रिप्टकडून उलट पाठवताना नॅनचं 'नल' होतं, आणि नलला 'नंबर'मध्ये घातलं की शून्य मिळतं. रिकाम्या स्ट्रिंगचंही शून्यच. 'वजन किंवा शून्य' अशा थाटाची ओळ पावतीच्या टेम्प्लेटमध्ये सापडली तर ती आजच काढून टाका.

'फेच' ५०० स्टेटसला फसलेलं मानत नाही. नेटवर्कच तुटलं तरच प्रॉमिस नाकारलं जातं. 'रिस्पॉन्स ओके' हे हाताने तपासावं लागतं. हे न केल्यामुळे सर्व्हरने पाठवलेलं एररचं जेसन वजनाचं जेसन म्हणून वाचलं जातं, त्यात 'वजन' ही किल्लीच नसते, आणि वरच्या ओळीमुळे परत शून्य.

काही ठिकाणी पडदा ब्राउझरऐवजी जावाचा असतो. जेएनआयमध्ये, म्हणजे जावा आणि सीच्या जोडणीत, 'थ्रो-न्यू' बोलवलं म्हणून सीचं फंक्शन थांबत नाही. एक्सेप्शन फक्त टांगून ठेवलं जातं. लगेच रिटर्न करा. टांगलेलं एक्सेप्शन असताना बहुतेक जेएनआय फंक्शनं बोलवणं चूक आहे. 'एक्स-चेक-जेएनआय' हा पर्याय चालू करून टेस्ट चालवा, तो अशा जागा दाखवतो.

मराठी संदेशाचा वेगळा घोळ

एररचा संदेश मराठीत द्यावा हे बरोबरच, काटा चालवणाऱ्याला तो वाचता यायला हवा. पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्तही वेगळे मोजले जातात. सीकडचा बफर १२८ बाइटांचा असेल तर शेवटचा शून्य बाइट सोडून १२७ उरतात, म्हणजे ४२ चिन्हं आणि त्रेचाळिसाव्याचा तुटका एक बाइट. पायथनने हे डीकोड करायला घेतलं की 'युनिकोड-डीकोड-एरर' येते, आणि 'केबल सुटली' ही मूळ एरर तिच्याखाली गाडली जाते. लॉग वाचणारा दिवसभर एन्कोडिंग शोधत बसतो. इंग्रजी संदेशावर लिहिलेले टेस्ट हा दोष कधीच पकडत नाहीत, म्हणून एक टेस्ट ६० चिन्हांच्या मराठी वाक्याचा हवाच.

खरं तर सीमेपलीकडे संदेश पाठवूच नये. फक्त आकडा पाठवा, संदेश सर्वांत वरच्या थराने आपल्या यादीतून लावावा. तळातून मजकूर आणणं भागच असेल तर डीकोड करताना 'रिप्लेस' पर्याय द्या, रस्टमध्ये 'टू-स्ट्रिंग-लॉसी'. एक चौकट चिन्ह दिसेल, पण मूळ एरर जिवंत राहील.

टेस्टची मांडणी

खरा काटा लागत नाही. सोकॅट या साधनाला दोन पीटीवाय (खोटे सिरीयल पोर्ट) 'रॉ' आणि 'इको शून्य' देऊन जोडा. एका टोकाला तुमचा प्रोग्राम, दुसऱ्या टोकाला छोटी पायथन स्क्रिप्ट इंडिकेटर बनून फ्रेम सोडते. स्क्रिप्टने एवढे प्रसंग घडवावेत: बरोबर वजन, आकड्यांऐवजी रेघा, अर्धी फ्रेम आणि मग शांतता, दोन फ्रेम चिकटून, चुकीच्या बॉड रेटमुळे (तारेवरच्या वेगामुळे) येतो तसला कचरा, आणि मधोमध पोर्ट बंद. पीटीवायवर बॉड रेटचा प्रत्यक्ष परिणाम होत नाही, म्हणून कचऱ्याचे बाइट स्क्रिप्टनेच पाठवायचे.

कर्नलच्या एररसाठी एसट्रेस, म्हणजे प्रोग्रामचे कर्नलला जाणारे कॉल बघणारं साधन. त्याच्या 'इंजेक्ट' पर्यायाने रीड या कॉलला ठरलेल्या वेळी ईआयओ देता येतो, 'व्हेन' मध्ये '३+' लिहिलं की तिसऱ्या वाचनापासून पुढचं प्रत्येक वाचन फसतं. प्रोसेसला बरेच थ्रेड असतील तर 'एफ' पर्याय विसरू नका, आणि 'पी' पर्यायाने फक्त सिरीयल पोर्टच्या पाथपुरतं मर्यादित ठेवा, नाहीतर पायथन आपलीच मॉड्युलं वाचताना फसेल आणि तुम्ही भलताच दोष शोधत बसाल. डिस्क भरल्याचा प्रसंग घडवायला लॉगचा पाथ देव-फुलकडे वळवा. तिथे लिहिलं की ईएनओएसपीसी, २८, मिळतो. लॉग लिहिता आला नाही म्हणून वजनाची एरर हरवते का, हे इथे कळतं. आणि सर्व्हिसला 'स्टॉप' सिग्नल पाठवून बघा: प्रोसेस जिवंत, पण उत्तर नाही. पडदा अशा वेळी किती सेकंद जुनं वजन दाखवत राहतो? वाचनाची मुदत १ सेकंद आणि ३ प्रयत्न धरले तर ५ सेकंदांच्या आत आकडा पुसला जाऊन एरर यायला हवी.

प्रत्येक प्रसंगात तपासायचं ते वरच्या टोकाला. पावती छापली गेली नाही ना. पडद्यावर नेमका कोड आला का. आणि लॉगमध्ये तोच कोड, मूळ एररनोसह आणि त्या फ्रेमच्या हेक्ससह आहे का. नुसतं 'काहीतरी एरर आली' यावर टेस्ट पास करू नका. ईआयओ टाकला आणि वर 'अनोळखी एरर' आली, तर कोणत्यातरी सांध्यात ओळख पुसली गेली आहे, तो टेस्ट लाल हवा.

यानंतर एक तपासणी बहुतेक जण सोडतात: एररनंतरचं पहिलं चांगलं वजन. फ्रेम तुटली, एरर दिसली, पोर्ट परत जोडला, आता ५,०१० किलोची फ्रेम सोडा. ५,०१० च यायला हवेत. अर्ध्या फ्रेमचे उरलेले बाइट बफरमध्ये राहिले असतील तर नवे आकडे त्यांना जाऊन चिकटतात. पोर्ट परत उघडताना 'टीसीफ्लश' करून (म्हणजे न वाचलेले बाइट टाकून) पुढे सुरुवातीच्या बाइटपर्यंतचं सगळं टाकून द्या. काट्याचं विभाजन १० किलो असेल तर १० ने न भागणारा आकडा वरच्या थराने सरळ नाकारावा. अशा चिकटाचिकटीपैकी बरीच तिथे अडकते.

कोडची यादी एकाच फाइलमध्ये ठेवा आणि तिच्यातून सीचं हेडर, रस्टचं इनम, पायथनचं इंट-इनम आणि जावास्क्रिप्टची यादी बिल्डच्या वेळी तयार करा. १०० च्या घरात तार आणि पोर्ट, २०० मध्ये फ्रेम, ३०० मध्ये आतल्या चुका आणि पॅनिक, असे गट पाडले तर फोनवरही पटकन कळतं की वायरमन बोलवायचा की प्रोग्रामर. हे कोड प्रोसेसच्या एक्झिट कोडात मात्र घालू नका. तिथे फक्त ० ते २५५ मावतात, २५६ चं शून्य होतं आणि ३०१ चे ४५. आणि शेल स्क्रिप्टमधून पाइप लावून चालवत असाल तर 'पाइपफेल' लावा. नाहीतर शेवटच्या कमांडचाच निकाल मिळतो, आणि शेवटी लॉग लिहिणारा 'टी' असेल तर तो बहुतेकदा यशस्वीच.

पायथनच्या सगळ्या टेस्टना 'फॉल्टहँडलर' चालू ठेवा. खालच्या थरात सेगमेंटेशन फॉल्ट किंवा ॲबॉर्ट झाला की पायथनच्या कोणत्या ओळीवरून खाली उतरलो होतो ते तो छापतो. खर्च जवळजवळ नाही, हा पर्याय काट्याच्या पीसीवरही चालू ठेवायला हरकत नाही.

पीसीवर विंडोज असेल तर

आपल्याकडे बऱ्याच काट्यांवर विंडोजच असतं, आणि तिथे वरचं सगळं जसंच्या तसं चालत नाही. सोकॅटच्या जागी कॉम०कॉम हा जोडपोर्ट वापरा. एसट्रेस नाही, त्यामुळे सी लायब्ररीत वाचणारं फंक्शन पॉइंटरमधून बोलवा आणि टेस्टमध्ये तिथे फसणारं फंक्शन बसवा. 'रीड-फाइल' मुदत संपल्यावर यशस्वी म्हणूनच परतते, फक्त वाचलेल्या बाइटांची संख्या शून्य असते. म्हणजे पहिल्या सांध्यातली दुसरी चूक इथेही तशीच होते. कारण एररनोत नसतं, 'गेट-लास्ट-एरर'मध्ये असतं, आणि सीटाइप्समध्ये त्यासाठी 'यूज-लास्ट-एरर' चालू करावं लागतं. रस्ट ॲबॉर्ट झालं तर एक्झिट कोड १३४ दिसणार नाही, ३२२१२२६५०५ असा लांबलचक आकडा दिसेल; मेमरीची चूक असेल तर ३२२१२२५४७७. आणि कन्व्हर्टर वेगवेगळ्या यूएसबी पोर्टांत लावत राहिलात की कॉम नंबर वाढत जातो. ९ च्या पुढचा नंबर नुसता 'कॉम१०' लिहून उघडत नाही, त्याआधी दोन उलट्या तिरक्या रेघा, एक टिंब आणि आणखी एक उलटी तिरकी रेघ लागते. त्याशिवाय पोर्ट 'सापडला नाही' असं उत्तर येतं, आणि हीच एरर तुमच्या पडद्यापर्यंत कोणत्या कोडने पोहोचते हाही एक टेस्ट यादीत घाला.